आठ की आठ-अ?

'आठचा उतारा आणा', एवढंच सांगितलं जातं आणि माणूस चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो. कारण गावात 'आठ' दोन आहेत. गाव नमुना 8-अ तलाठ्याकडचा; एका खातेदाराच्या नावावर गावात कुठल्या गटात किती जमीन, ते त्यात दिसतं. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ग्रामसेवकाकडचा, घराच्या कर-आकारणीचा. पीककर्जाला पहिला लागतो.

दोघं कधीकधी एकाच इमारतीत बसतात, पण घरं वेगळी. तलाठ्याच्या वर मंडळ अधिकारी (गावाच्या भाषेत सर्कल), मग तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी), जिल्हाधिकारी. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा. त्याच्यावर गटविकास अधिकारी (बीडीओ) आणि शेवटी सीईओ, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी. म्हणून ग्रामसेवकाची तक्रार तहसीलदाराकडे देऊन काही हलत नाही, ती बीडीओकडेच द्यायची. आता तलाठी झाला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी. गोंधळ कमी होता म्हणून!

सगळ्यात जास्त हेलपाटे फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद बदलून घेण्यात पडतात. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं म्हणजे सातबारा बदलला असं नव्हे. तिथून सूचना येते, तलाठी नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद धरतो, संबंधितांना नमुना 9 ची नोटीस काढतो आणि हरकतीसाठी 15 दिवस थांबतो. हरकत आली तर प्रकरण 6-अ ला, म्हणजे तक्रारी नोंदवहीत चढतं आणि सुनावणी लागते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, त्यानंतरच सातबाऱ्यावर नाव लागतं. तलाठी नोंद लिहितो, मंजूर करत नाही. पंधरा दिवस उलटून गेल्यावर रोज तलाठ्याला फोन करण्यापेक्षा नोंद सर्कलकडे अडकली आहे का, ते विचारा.

नावात किंवा आकड्यात लिहिण्याची चूक असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज पुरतो. हद्दीचा वाद असेल तर मोजणी, आणि ती भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकाकडे; तलाठ्याचा तिथे संबंध नाही.

सर्कलचा आदेशच मान्य नसेल तर कलम 247 खाली प्रांतांकडे अपील. लोक थेट कलेक्टरकडे अर्ज देतात. तो 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' शेरा घेऊन पुन्हा खाली येतो आणि तेवढ्यात अपिलाचे 60 दिवस संपतात. मुदत गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज कारणांसह वेगळा जोडा. तो नसला की फेरफार बरोबर की चूक, हा मुद्दा सुनावणीला येतच नाही.