आपल्या उकळत्या चहाला कोणतं वनस्पती-दूध चालतं

सोया, ओट किंवा बदामाच्या खोक्यावरची वापराची सूचना बहुतेक वेळा वेगळ्याच चहा-कॉफीसाठी लिहिलेली असते. कपात काळा चहा, वरून दुधाची बारीक धार, झालं. आपला चहा तसा होत नाही. पाणी, साखर, आलं, पावडर आणि दूध एकाच पातेल्यात घालून आपण दोन-तीनदा उकळी वर आणतो. गाई-म्हशीचं दूध हे सगळं सहन करतं, कारण त्यातलं केसीन हे मुख्य प्रथिन उष्णतेला दणकट असतं. सोयाचं आणि बदामाचं प्रथिन तेवढं सोसत नाही. म्हणून नेहमीच्या पद्धतीनेच सोया दूध ओतलं की चहा फाटतो, आणि माणूस ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणून ते खोकं फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात ढकलतो. बहुतेक वेळा दुधात काहीच खोट नसते. ओतण्याचा क्रम चुकलेला असतो.

आधी फाटण्याचं कारण. सोयाचं दूध आम्लाने गोठतं, तशीच त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार पडले तरी गोठतं. टोफू, म्हणजे सोयाचं पनीर, याच गुणावर बनतो. काळा चहा आणि कॉफी दोन्ही किंचित आम्ल असतात, कॉफी तर हलक्या भाजणीची असेल तर जास्तच. आम्ल आणि उकळती उष्णता एकत्र आली की प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटतात आणि चोथापाणी वेगळं होतं. त्यात पाणी बोअरचं, जड असेल तर क्षारांची भर पडते. ज्यांच्याकडे पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो, त्यांनी सोयाच्या चहाला क्षार काढून टाकणाऱ्या आरओ यंत्राचं पाणी वापरावं. एवढ्या एका बदलानेही पुष्कळदा काम होतं.

दोन कप चहाचा क्रम असा ठेवा. २०० मिली पाण्यात अर्धा इंच आलं ठेचून घाला आणि तीन मिनिटं चांगलं उकळू द्या. कच्च्या आल्यात प्रथिन तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, ते उकळीने निकामी होतं. दूध घातल्यावर आलं किसून टाकणं ही चहा फाडण्याची हमखास रीत आहे, साध्या दुधालाही. मग साखर आणि दीड चमचा पावडर, अजून दोन मिनिटं. दुसऱ्या भांड्यात १२० मिली सोया दूध वाफ दिसेपर्यंत गरम करा, उकळू नका. गॅस बंद करून चहा गाळा, अर्धा मिनिट थांबा, आणि मग गाळलेला चहा गरम दुधात हळूहळू ओता. दुधात चहा, चहात दूध नव्हे. पहिली धार भरपूर दुधात पडते, त्यामुळे आम्ल एकदम एका जागी चढत नाही. शेवटी हवं तर एकदा मंद आचेवर कडेला बुडबुडे येईपर्यंत ठेवा आणि लगेच उतरवा. फ्रीजमधलं गार सोया दूध खळखळत्या चहात ओतणं ही सगळ्यात वाईट पद्धत, आणि नेमकं तेच सगळे करतात.

गुळाच्या चहाची अडचण आपल्याला आधीपासून माहीत आहे, गूळ घातला की दूध फाटतं. सोयाला ती दुप्पट लागू आहे. गूळ कपातच, चहा पिण्याइतका निवल्यावर विरघळवा, नाहीतर साखरच बरी. कोणी खाण्याचा सोडा सुचवतात. त्याने आम्ल मरतं आणि चहा फाटत नाही, हे खरं. पण प्रमाण दोन बोटांत धरलेली अगदी बारीक चिमूट, तीही अर्ध्या लिटर चहाला. त्यापुढे गेलात की चहा काळपट होतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते.

फाटण्याइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची आहे, पण तिच्याबद्दल क्वचितच कोणी बोलतं. चहात दूध घातल्यावर तुरटपणा कमी होतो, कारण दुधाचं प्रथिन चहातल्या टॅनिनला धरून ठेवतं. गाईच्या दुधात १०० मिलीला साधारण सव्वातीन ग्रॅम प्रथिन असतं, चांगल्या सोया दुधातही जवळपास तितकंच. ओटमध्ये ते एक ग्रॅमच्या आसपास आणि बाजारच्या बदाम दुधात बहुतेक त्याहूनही कमी. म्हणून बदामाचा चहा फाटला नाही तरी घशाला कडक लागतो, आणि दूध वाढवूनही तो मऊ होत नाही, नुसता पातळ होतो. तिथे पावडर कमी करायची, दीडऐवजी एक चमचा, आणि उकळणं दोनऐवजी एक मिनिट. माझं स्पष्ट मत असं की बदाम दूध मसाला चहावर वाया घालवू नये. हळद-केशराच्या दुधाला किंवा वेलदोडा घातलेल्या गरम दुधाला ते फार सुरेख लागतं, कारण तिथे टॅनिन नाही आणि बदामाचा स्वाद कशाखाली दबत नाही.

उकळीच्या चहाला सोयाखालोखाल मला काजूचं दूध पटतं. ते घरी करणं सगळ्यात सोपं, आणि अख्खे काजू लागत नाहीत, तुकडा चालतो. ५० ग्रॅम तुकडा कोमट पाण्यात दोन तास भिजवा, ते पाणी टाका, १०० मिली ताज्या पाण्यात अगदी गंधासारखं बारीक वाटा आणि मग ४०० मिली पाणी घालून फिरवा. गाळायची गरज नाही. खबरदारी एकच: काजूत पिष्ट (स्टार्च) असतं, त्यामुळे तापवत राहिलं तर ते आमटीसारखं दाट होतं. गॅस बंद केल्यावरच चहात घाला.

कॉफीचं गणित थोडं वेगळं. गडद भाजणीची, चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी वनस्पती-दुधाला सोयीची, हलक्या भाजणीची अरेबिका त्रासाची. डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) पाडून एक-दोन मिनिटं थांबा, दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत गरम करा (भांड्याला बोट लावून जेमतेम एक क्षण धरवतं, तेवढं) आणि इथेही दूध आधी, कॉफी नंतर. ‘बरिस्ता’ लिहिलेल्या खोक्यात वेगळं काय असतं, तर बहुधा थोडं जास्त तेल आणि डायपोटॅशियम फॉस्फेटसारखा आम्लता नियंत्रक. तो आम्लाचा झटका झेलतो, म्हणून ते कॉफीत फाटत नाही. रोज कॉफी पिणाऱ्याने त्या खोक्याचे जादा पैसे जरूर द्यावेत. कॉर्नफ्लेक्सवर ओतायला मात्र ते घेऊ नये, तिथे साधं चालतं.

दुकानात शोधताना एक लक्षात ठेवा. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२१ मध्ये वनस्पतीजन्य पेयांना ‘दूध’ म्हणून विकायला मनाई केली, म्हणून खोक्यावर ‘सोया ड्रिंक’, ‘ओट बेव्हरेज’ अशी नावं दिसतात. नारळाच्या दुधाला त्यातून सूट आहे. आणि ‘नॉन-डेअरी क्रीमर’ची पूड दिसली तर घटक वाचा. त्यात सोडियम केसिनेट असू शकतं, म्हणजे दुधाचंच प्रथिन. दुधाची ॲलर्जी असलेल्याला ते चालणार नाही.

ओटबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. बाजारचं ओट दूध स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात १९९०च्या दशकात झालेल्या कामातून आलं. ओटमधल्या पिष्टाचं विकरांनी साखरेत रूपांतर करायचं, म्हणजे पेय पातळ राहतं आणि आपोआप गोड होतं, ही त्याची मूळ युक्ती. घरी नुसते ओट वाटून गाळले तर ते पिष्ट तसंच राहतं आणि गरम केलं की त्याची पेज होते, चिकट आणि तार सुटणारी. त्यामुळे घरचं ओट दूध गार खाण्यालाच वापरा: ५० ग्रॅम ओट, अर्धा लिटर बर्फाचं पाणी, भिजवणं नाही, मिक्सर फक्त २० ते ३० सेकंद, आणि फडकं पिळायचं नाही, आपोआप गळेल तेवढंच घ्यायचं. पिळलं की बुळबुळीतपणा उतरलाच.

हे विकराचं तंत्र आपल्या घरांत जुनंच आहे. बाळाच्या पेजेसाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवतात ते याचसाठी. मोडातल्या विकराने पेज दाट असूनही पातळ, गिळायला सोपी होते. शिजवलेली ओटची पेज हाताला चांगली गरम, पण उकळत नाही अशी असताना त्यात चमचाभर मोडाच्या नाचणीचं पीठ ढवळून वीस मिनिटं झाकून ठेवा, ती उघड पातळ होते. पीठ खरपूस भाजलेलं असेल तर विकर मेलेलं असतं आणि काही होत नाही. खोक्याची सर त्याला येत नाही, पण न्याहारीच्या वाटीला छान.

न्याहारीत तर वनस्पती-दूध आपल्याला नवीन नाहीच. मालवणी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, गुळाच्या नारळरसात बुडवून खातात. गोव्यात दिवाळीला रोसांतले फोव होतात, म्हणजे नारळाचं दूध, गूळ, वेलची आणि पोहे. तिथे काही ‘पर्यायी’ नाही, तोच मूळ पदार्थ आहे. एका मध्यम नारळाचा चव (खोवलेलं खोबरं) एक वाटी कोमट पाण्यात वाटून पिळला की पहिलं दाट दूध, तोच चोथा पुन्हा दीड वाटी पाण्यात फिरवला की दुसरं. दुसऱ्या दुधात गूळ विरघळवून गरम करायचं, पहिलं दूध गॅस बंद केल्यावर. दाट दूध उकळलं की तेल वेगळं होतं, हे आमटी करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. कॉफीत नारळ वापरायचा तर दुसरं दूधच घ्या. डब्यातलं दाट असेल तर एकास तीन पाणी. चहात मात्र नारळाचा वास आल्याशी भांडतो.

नाचणीच्या सत्त्वाला, दलियाला सोया घ्या, प्रथिनासाठी. दोन चमचे सत्त्व आधी गार पाण्यात कालवून, पाण्यातच शिजवून घ्या आणि सोया दूध शेवटी घाला. सुरुवातीपासून दुधात शिजवलं तर ते तळाला लागतं आणि करपट वास सगळ्या पातेल्यात उतरतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेव्हा ही जोडी दुधाची उणीव बरीच भरून काढते.

घरच्या सोया दुधाबद्दलची मुख्य तक्रार म्हणजे कच्च्या शेंगेसारखा उग्र वास. तो सोयाबीनमधल्या एका विकरामुळे येतो, आणि ते विकर दाणा पाण्यात फुटला की कामाला लागतं. म्हणून त्याला वाटण्याआधीच मारायचं. १०० ग्रॅम सोयाबीन ८ ते १० तास भिजवा (उन्हाळ्यात पाणी एकदा बदला), ते पाणी टाका. उकळत्या पाण्यात चिमूटभर सोडा घालून दाणे पाच मिनिटं उकळा, निथळा, चोळून सालं काढा. मग ८०० मिली गरम पाण्यात वाटा, गार नको. गाळून मोठ्या पातेल्यात तापत ठेवा. ८० अंशांच्या आसपास फेस भसकन वर येतो आणि दूध उकळलं असं वाटतं. ते उकळलेलं नसतं. आच कमी करून फेस मोडा आणि खरी उकळी आल्यावर ढवळत १५ मिनिटं मंद शिजवा. कच्च्या सोयात पचनाला अडथळा आणणारे घटक असतात, ते शिजूनच कमी होतात.

शेंगदाण्याचं दूध सगळ्यात स्वस्त: १०० ग्रॅम दाणे रात्री भिजवून, सालं काढून, ६०० मिली पाण्यात वाटून, गाळून दहा मिनिटं उकळायचं. शिऱ्यात, खिरीत उत्तम, चहात जड. सुरकुतलेला, काळपट किंवा बुरशीचा दाणा निवडून टाकाच. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष उकळून जात नाही.

विकत घेताना साखर पाहा. १०० मिलीला पाच ग्रॅम लिहिलं असेल तर एका पेल्यात दोन चमचे साखर आधीच आहे, वर चहात पुन्हा पडणार. कॅल्शियम आणि बी-१२ जीवनसत्त्व घातलेलं घ्या. कॅल्शियम तळाला बसतं, म्हणून खोकं दर वेळी हलवा, नाहीतर ते शेवटच्या कपातच जातं. घरच्या कुठल्याही वनस्पती-दुधात बी-१२ नसतं. दूध पूर्ण सोडणाऱ्यांनी त्याची वेगळी सोय डॉक्टरांना विचारून करावी. एक वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी किंवा फॉर्म्युलाऐवजी यातलं काहीही देऊ नये. थायरॉईडची गोळी सकाळी घेणाऱ्यांनी सोया आणि कॅल्शियम घातलेली दुधं गोळीला लागून घेऊ नयेत, गोळी शोषली जाण्यात अडथळा येतो. किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा.

घरचं दूध फ्रीजमध्ये काचेच्या बाटलीत तीन दिवस, उघडलेलं खोकं त्यावर लिहिलेल्या दिवसांपुरतंच. थर वेगळे दिसले म्हणजे नासलं असं नाही, हलवून पाहा. आंबट वास किंवा गुठळी असेल तर मात्र टाका. सोयाचा चोथा थालीपिठाच्या भाजणीत एकास दोन प्रमाणात जातो, फक्त त्याच दिवशी वापरा, तो दुधापेक्षा लवकर आंबतो.