आमची वाटचाल : चोपदाराच्या काठीपासून देवाच्या छत्रापर्यंत

कोल्हापूरच्या गुजरीत आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘चांदीकाम’ एवढंच लिहिलंय. नवं गिऱ्हाईक पैंजण-जोडवी विचारत येतं, त्याला आम्ही शेजारचं दुकान दाखवतो. आमच्याकडे होतं ते छत्र, चवऱ्या-मोरचेलांच्या मुठी, अब्दागिरीचे (मानाच्या, ऊन अडवायच्या छत्रीचे) दांडे, भालदार-चोपदारांच्या काठ्या आणि पालखी मढवायचं काम. हे सगळं धरतो एक आणि मान मिळतो दुसऱ्याला, असा हा माल.

पणजोबांच्या वेळी हा माल संस्थानांत जायचा. आमच्या भागात एका दिवसाच्या बैलगाडीवर दुसरं संस्थान लागायचं: कोल्हापूर, सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, कुरुंदवाड. प्रत्येकाचा दरबार, प्रत्येकाचा दसरा. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्जचा दिल्ली दरबार भरला, तेव्हा तिकडे जाणाऱ्या राजेरजवाड्यांना आपला लवाजमा दुसऱ्यापेक्षा फिका दिसायला नको होता. घरात त्या सालाचं नाव ‘सुकाळ’ म्हणूनच निघायचं. बाकी दरबारचं काम म्हणजे मान आजचा आणि पैसे पुढच्या दसऱ्याला. आजोबा म्हणायचे, पोशाख मिळाला की समजावं, रोकड लांबली.

या वस्तूंचा धाक फार जुना. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील तिथे हजर होता. सिंहासनाच्या दोन बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर काय काय होतं ते त्याने टिपून ठेवलंय: मोठ्या दातांच्या सोन्याच्या माशांची दोन डोकी, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचं चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू. मत्स्य ही मोगलाईतली मोठी निशाणी, माही-मरातब. १७९२ मध्ये महादजी शिंदे दिल्लीहून पुण्याला आले ते सवाई माधवरावांसाठी बादशहा शाह आलमकडची वकील-इ-मुतलकची, म्हणजे बादशहाच्या मुख्य प्रतिनिधीपदाची, वस्त्रं घेऊन. सोबत मोरचेलं, नालखी (उघडी पालखी), पालखी, कलमदान आणि हत्तींवर मत्स्य-सूर्याची चिन्हं. दिल्लीची सत्ता तोवर नावापुरती उरली होती, पण चिन्हांसाठी पुण्यात खास समारंभ झाला. आमच्या धंद्याची खरी जाहिरात हीच.

१९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं आणि दरबारी मागणी आटली. त्यात जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी. गावोगावच्या सोनारांच्या भट्ट्या विझल्या. आमचीही सोन्याची बाजू बसली, पण चांदीला तो कायदा लागू नव्हता. आजोबांनी सोन्याची हत्यारं पेटीत घातली आणि देवस्थानांचे उंबरे झिजवायला सुरुवात केली.

तिथे त्यांना नवं काही शिकावं लागलं नाही, कारण देवांचे दरबार आधीपासूनच भरलेले होते. माउलींच्या पालखीला आजचं रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरचे सरदार. म्हणून त्या सोहळ्यात अश्व आहेत, तंबू आहेत, चोपदार आहेत. मुक्कामावर समाज आरतीला दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार काठी उंच करतो आणि टाळ-मृदंग एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात, आणि ती ऐकून घेतली जाते.

आमच्या दृष्टीने सगळी परीक्षा त्या उचललेल्या हातात असते. काठी लांबून दिसली पाहिजे आणि धरणाऱ्याचा खांदा भरून येता कामा नये. नवं गिऱ्हाईक ‘चांगली जाड चांदी घाला’ म्हणतं, तेव्हा आम्ही नाही म्हणतो. आत हलकं, नीट वाळलेलं लाकूड. पत्रा मुठीपाशी जाड, वर जाईल तसा पातळ. वरचं बोंड दोन वाट्यांत घडवून टाक्याने (वितळवलेल्या जोडधातूने) जोडायचं आणि पोकळ ठेवायचं. पत्र्याची शिवण मागच्या बाजूला, बोटांच्या पेरांखाली येईल अशी.

नक्षी उठते ती राळेवर. राळ, विटेची चाळलेली पूड आणि थोडं तेल कढवून ती घट्ट करायची, तिच्यावर तापवून मऊ केलेला पत्रा बसवायचा आणि ठशांनी मागून पान-फूल उठवायचं. उलटवून पुढून रेघा आवळायच्या. मध्ये पत्रा कडक झाला की काढून पुन्हा तापवायचा, नाहीतर पाकळीच्या कडेला चीर जाते. उन्हाळ्यात राळ लवकर सैल पडते म्हणून पूड वाढवायची, थंडीत तेल. हे प्रमाण आमच्याकडे कुणी लिहून ठेवलेलं नाही. अंगठा दाबून बघायचा. संध्याकाळी जमीन झाडली की केर डब्यात जातो. डबा भरला की झारेकरी येतो आणि त्यातली चांदी धुऊन काढतो.

चवरीचे केस हिमालयातल्या याकच्या शेपटीचे. बाजारात नायलॉनचे स्वस्त मिळतात, पण ते एकमेकांना चिकटून बसतात, चवरी ढाळताना उघडत नाहीत. मोरचेलाला फक्त गळालेली पिसं चालतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मोराला संरक्षण आहे, आणि पिसं देशाबाहेर पाठवायला बंदी. अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाने मोरचेलांची जोडी मागवली होती, त्यांना नुसत्या दांड्या पाठवल्या.

देवस्थानाचं काम असलं की विश्वस्तांसमोर वजन, पंचनामा, टंच (चांदीचा कस), काम झाल्यावर पुन्हा वजन. घट किती धरायची ते आधीच कागदावर. एका देवस्थानाने (नाव नको) छत्राचे पैसे दीड वर्ष अडकवले आणि तेवढ्यात चांदी चढली. तेव्हापासून दुकानात एकच नियम: चांदी तुमची, मजुरी आमची. २०२५ मध्ये भाव किलोला लाखापलीकडे गेला तेव्हा तो नियम आमच्या कामी आला.

सध्या लग्नवाल्यांची मागणी जोरात आहे. नवरदेवाच्या एंट्रीला अब्दागिऱ्या, चोपदार, छत्र. कशाला नावं ठेवायची. दिल्ली दरबारात तरी वेगळं काय चाललं होतं? त्यांना पितळेवर चांदीचा मुलामा देतो आणि पावतीवर तसंच लिहितो. भाड्याने मात्र काही देत नाही.

आता पुतणी बसते दुकानात. पालखीच्या दांड्याचं मकरमुख ती कॉम्प्युटरवर काढते, मेणात छापून आणते. दात अजून हातानेच कोरावे लागतात, छापलेले बोथट येतात. दोन कारागीर बंगालचे, एक आमचा जुना, तिघांचं राळेच्या प्रमाणावरून रोज वाजतं. आषाढीसाठी काही करून हवं असेल तर संक्रांतीच्या आसपास या. होळीनंतर आलेल्यांना कार्तिकीची तारीख मिळते.