पाठीवरचा डबा

मामाच्या विहिरीत मी पोहायला शिकलो ते पाठीवर पत्र्याचा डबा बांधून. गोड्या तेलाचा, पंधरा किलोवाला, तोंडाला लाकडी बूच ठोकलेला. आधीच्या पिढ्यांनी सुकलेल्या भोपळ्यांवर आणि पांगाऱ्याच्या ओंडक्यांवर भागवलं होतं. आमच्या वाट्याला डबा आला. अंघोळ केली तरी पाठीचा तेलकट वास जायचा नाही.

पहिल्या दिवशी घाबरून दोन्ही हात वर केले. लगेच नाकातोंडात पाणी.

"हात पाण्यात ठेव की रे! वर कुणाला दाखवतोस?" मामा ओरडला.

मामाने सातवीतच शाळा सोडलेली, पण सांगत होता ते आर्किमिडीजचंच. अंग जेवढी जागा अडवतं, तेवढ्या जागेतल्या पाण्याच्या वजनाइतका रेटा पाणी आपल्याला खालून देतं. दहा वर्षांच्या पोराचा हात किलो-दीड किलोचा. तो बाहेर काढला की त्याचं ओझं उरलेल्या अंगावर, आणि ते पेलायला तेवढंच आणखी अंग बुडायला हवं. तेव्हा पाण्याबाहेर उरलेलं असतं ते नेमकं तोंड! पुढे शाळेत हा नियम मी घोकून पाठ केला, मार्कही मिळवले. विहीर मात्र तेव्हा आठवली नाही.

तसा माणसाचा हिशेब काठावरचाच. छाती भरून श्वास घेतला की तरंगतो, सोडला की बहुतेक जण हळूहळू खाली. एक लिटर हवा म्हणजे साधारण एक किलोचा आधार. मग तो रिकामा डबा म्हणजे बाहेरून बांधलेलं तिसरं फुप्फुसच की, आणि तेही पंधरा-सोळा लिटरचं.

आठव्या दिवशी मी तीन फेऱ्या मारल्या. मामा शेजारीच पोहत होता. मागे बुडबुड ऐकू येत होती, पण ती माझ्याच पायांची असेल असं वाटलं. पायऱ्यांपाशी आलो, कमरेइतक्या पाण्यातून वर चढायला लागलो, आणि कुणी मागे खेचावं तसा पायरीवर बसलोच. डबा काठोकाठ भरला होता. आत होतो तोवर डब्यातल्या पाण्याचं वजन विहिरीनेच धरलं होतं. बाहेर येताच सगळं माझ्या पाठीवर.

वळून पाहिलं, तर मामाच्या दातांत बूच.