कापसाची खोली लेकीला देताना

कापूसवाल्याच्या घरी खोली रिकामी अशी नसतेच. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की भाव वाढायची वाट पाहत कापूस छतापर्यंत चढतो. आमची मागची खोली त्याच कामाची. लेक साडेचार वर्षांची झाली, तिला झोपायला-खेळायला ही खोली द्यायची असं आम्ही नवराबायकोनं ठरवलं, तेव्हा मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, पहिला प्रश्न आला, "मंग कापूस काय माह्या उरावर ठेवता?"

प्रश्न रास्त होता. २०२२ साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला त्यांनी पाहिला आहे, तेव्हापासून ते हमीभावाकडे ढुंकून पाहत नाहीत. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये होता आणि बाजार त्याच्याही खाली. शेवटी घरी साठवण्याऐवजी सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, केंद्रावर नेऊन घालायचं ठरलं. मामाजी आठवडाभर घुश्श्यात होते, पण खोली मोकळी झाली.

मोकळी झाली म्हणजे राहण्याजोगी झाली असं नाही. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून भिंती आधी झाडून, मग ओल्या फडक्यानं पुसून घेतल्या, फरशी साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतली, मार्चचं ऊन आत येईल अशा खिडक्या उघड्या टाकल्या. दाराच्या चौकटीला खालून उदई (वाळवी) लागली होती. तेवढा भाग कापून नवा जोड दिला, बिळं सिमेंटनं बुजवली.

मग सुरू झाला पलंगाचा शोध. मोबाईलवर बघायला लागलं की मुलांच्या खोल्या एकाहून एक. हल्ली जमिनीलगतच्या पलंगाची फार चलती आहे. पोराला स्वतःचं स्वतः चढता-उतरता येतं, पडायची भीती नाही. शहरातल्या चौथ्या मजल्यावर ते ठीक. मी गावात आशा कार्यकर्ती म्हणून काम करते. पावसाळ्यात मण्यार चावलेले पेशंट दवाखान्यात पोचवले आहेत, आणि त्यातले बहुतेक खाली झोपलेले होते. मण्यार रात्री फिरते, चावलेलं धड कळतही नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात अपचन झालं. हे माहीत असताना लेकीला जमिनीलगत निजवायला माझा जीव धजेना.

तालुक्याच्या दुकानदाराचा आग्रह मात्र वर-खाली दोन पलंगांचा. "पुढं दुसरं लेकरू झालं तर कामी येईन ना वहिनी!" दुसऱ्या लेकराचा विचार त्यानं आमच्याआधीच करून ठेवला होता. आमचा स्लॅब साडेनऊ फुटांचा. वरच्या पलंगावर पोरगी उभी राहिली की हात सरळ पंख्याच्या पात्याला. शिवाय सहा वर्षांच्या आतलं मूल वर झोपवूच नये, असं त्या पलंगांसोबत येणाऱ्या कागदावरच लिहिलेलं असतं. दुकानातलं दुसरं आकर्षण म्हणजे गुलाबी कपाट आणि मोटारीच्या आकाराचा पलंग. पोरगी त्यात बसली ती उतरेचना. मी मागून बोट फिरवून पाहिलं, आत दाबलेला भुसा. आमच्याकडे एप्रिल ते जून कूलर चालतो, खोलीत दमट हवा भरते, आणि भुशाची फळी कडेनं फुगायला लागते. फुगली नाही तर उदई आहेच. किंमतही बारीक नव्हती.

उपाय ढोरांच्या कोठ्यात पडून होता. जुनं कवेलूचं घर पाडून स्लॅब टाकला तेव्हाचे सागवानाचे सर आणि फाटे, म्हणजे छताच्या तुळया आणि वासे, तिथे रचून ठेवले होते. पन्नास वर्षं छताखाली वाळलेलं लाकूड, आता ते वाकणार नाही की चिरणार नाही. गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं एक फाटा उचलून वास घेतला, नखानं ओरबाडला, खुशीत आला, आणि लगेच कपाळाला हात लावला. "सागोन तर एक नंबर हाय वहिनी, पण याच्यात खिळे किती हायेत पाह्यलं काय? माह्या मशीनचं पातं जाईन."

पुढचे काही दिवस आमच्या अंगणात हेच काम. मिस्त्री लाकडावर लोहचुंबक फिरवायचा, तो अडकला की खडूनं गोल करायचा, मग पटाशीनं उकरून पकडीनं खिळा ओढायचा. हातानं ठोकलेले, चौकोनी डोक्याचे, गंजून लाकडात काळा डाग सोडलेले खिळे. पोरगी ते डब्यात गोळा करू लागली. मी डबा वर ठेवला. रंधा फिरल्यावर आतून जो मधासारखा रंग निघाला, तो पाहून मामाजींचा घुस्सा उतरला. तो सर त्यांच्या बापानं आणला होता, हे त्या दिवशी सगळ्या मोहल्ल्याला कळलं.

माप मी सांगितलं. लांबी सहा फूट, रुंदी तीन. लहान मुलांचा पाच फुटी पलंग दिसतो गोड, पण चार-पाच वर्षांत पाय बाहेर येतात आणि त्या मापाची गादी पुन्हा मिळत नाही. उंची अठरा इंच, म्हणजे तिला चढता येईल आणि झाडू व टॉर्चचा उजेड पार मागच्या भिंतीपर्यंत जाईल. खाली कप्पे काढू दिले नाहीत. मिस्त्रीला ते फार खटकलं, एवढी जागा वाया! पण पलंगाखाली अडगळ साचली की विंचवाला घर मिळालं. उशाकडून अर्ध्या लांबीचा कठडा, काढता येणारा. त्याच्या दांड्यांत तीन इंचांपेक्षा कमी फट, कारण लेकराचं धड निसटून डोकं अडकेल अशी फट सगळ्यात वाईट. चारी कोपऱ्यांना मच्छरदाणीच्या दांड्यांची भोकं. मच्छरदाणी गादीखाली खोचायची आणि पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवायचा, या दोन गोष्टी मी घराघरात सांगत फिरते. स्वतःच्या घरी त्यात सूट नाही.

कपाट लोखंडीच घेतलं, उंचीनं कमी. आमच्या काळ्या मातीत घर उन्हाळ्यात एकीकडे, पावसाळ्यात दुसरीकडे. माती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्यासोबत फरशी उचलते, भिंतीला तडे जातात. अशा फरशीवर कपाट कायम किंचित पुढे झुकलेलं राहतं. त्यात पोर खालचं दार उघडून त्यावर पाय देऊन चढलं की कपाट अंगावर. म्हणून मागून दोन पट्ट्या काढून भिंतीत बोल्ट मारले. तेही तडा नसलेल्या ठिकाणी, नुसत्या प्लास्टरमध्ये नाही, थेट विटेत.

रंगाच्या दुकानात मी डब्यावरची बारीक अक्षरं वाचत उभी राहिले तेव्हा दुकानदार वैतागला. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त चालत नाही, हा नियम २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. डब्यावर तसं छापावं लागतं. नव्या रंगाची म्हणून फार काळजी नाही, जुन्याची आहे. आमच्या खिडक्यांचा हिरवा ऑईलपेंट माझ्या लग्नाआधीचा. पेंटर तो कोरडाच घासायला निघाला होता. तो धुरळा लेकराच्या पोटात जायला नको म्हणून पाणी मारून ओला घासायला लावला, आणि तेवढे दिवस पोरगी मावशीकडे धाडली.

गादी घरच्याच कापसाची. एक क्विंटल कापसातून साधारण ३३-३५ किलो रुई निघते, बाकी सरकी, म्हणून विक्रीतून तीसेक किलो बाजूला काढला होता. गादीवाल्यानं दहा किलोची घट्ट गादी भरली. फोमची गादी मऊ असते, पण मे महिन्यात तिच्यावर पाठ भाजते. उशीत सावरीचा कापूस, तोही थोडाच.

सगळ्यात जास्त विचार केला तो कूलरचा. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावात कूलरचा शॉक लागून लेकरू गेल्याची बातमी येते. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवला, जाळीतून फक्त हवा आत. बोर्ड पाच फुटांवर, अर्थिंग तपासून घेतलं, आणि ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारं बटण, बसवलं. वायरमन म्हणाला, "एका खोलीसाठी कायले खर्च करता?" मी म्हटलं पूर्ण घरालाच बसवा. पलंगावरच्या कोरीवकामाचे पैसे इकडे वळवले.

सजावट बाईसाहेबांच्या मर्जीनं. तिला वाघ पाहिजे होता, कारण टिपेश्वरचं अभयारण्य जवळ आणि रोज कोणीतरी वाघ दिसल्याचं सांगतं. चिकटवायची चित्रं आणली, ती आठवड्यात सुटून खाली आली, चुन्याच्या भिंतीवर ती टिकत नाहीत. मग शाळेच्या भिंती रंगवणाऱ्या पेंटरकडून वाघ काढून घेतला. तो जरा मांजरासारखा झालाय, पण तिची तक्रार नाही. खालच्या तीन फूट भिंतीला शाळेच्या फळ्याचा काळा रंग मारला, खडूची मोकळीक. खेळण्यांना बाजारातल्या बुरडाच्या दोन टोपल्या. बांबूचं रॅकही करायचं मनात होतं, पण बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला बांबू जवळपास मिळेना, आणि कच्च्या बांबूला घुण लागून पीठ पडतं.

टेबल-खुर्ची सध्या केली नाही. ती पाटावर बसून पोटावर पडून चित्रं काढते, तिला खुर्चीचं काही पडलेलं नाही. पहिलीत गेली की तेव्हाच्या उंचीचं माप घेऊ. त्यासाठी दोन फाटे कोठ्यात वेगळे काढून ठेवलेत, त्यातले खिळे मात्र अजून काढायचे आहेत.