तीच चूक परत किती वेळा? कारखान्याचं शिकणं मोजताना

ट्रेनिंगचे तास हा कारखान्यातला मोजायला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी आकडा. दरडोई 16 तास झाले की 24, यावरून माणसं खुर्चीत किती वेळ बसली एवढंच कळतं. हजेरीपट फाइलला लागतो, ऑडिटरला दाखवता येतो, विषय संपतो. पण शिकलेला माणूस सोडून गेला तर मागे काय उरलं? जे फिक्स्चरमध्ये (नग पकडून ठेवणाऱ्या साच्यात), सेटिंग शीटमध्ये (मशीन कसं लावायचं त्या कागदात), लाइनच्या मांडणीत उतरलं, तेवढंच कारखान्याचं. ते मोजायचं तर रजिस्टर मिटून कामाकडे बघावं लागतं.

यातलं जुनं आणि अजून टिकलेलं माप विमानाच्या कारखान्यातून आलं. थिओडोर राइट या अमेरिकन इंजिनिअरनं 1936 मध्ये दाखवलं, की बनवलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की एका विमानामागची सरासरी मजुरी साधारण 80 टक्क्यांवर येते. राइटचा हिशेब सरासरीचा होता. शॉप फ्लोअरवर मात्र नगागणिक हिशेब बरा, कारण सरासरीत ताजा बिघाड दडून जातो. पहिल्या नगाला 100 तास लागले, तर 80 टक्क्यांच्या वक्रावर (म्हणजे दर दुपटीला तास 80 टक्क्यांवर) दुसऱ्याला 80, चौथ्याला 64, आठव्याला 51 आणि सोळाव्याला 41. घट दर महिन्याला होत नाही, दर दुपटीला होते. त्यामुळे सुरुवातीला सगळे खूश असतात आणि हजाराव्या नगानंतर ‘आता सुधारणा थांबली’ म्हणून कुरकुर सुरू होते. ती थांबलेली नसते, पुढची दुप्पट लांब गेलेली असते.

करायचं असं. एका रकान्यात सुरुवातीपासूनचा एकूण नग क्रमांक, दुसऱ्यात त्या नगाचे तास. नग लहान आणि वेगानं निघणारे असतील तर 50-50 चा लॉट धरा. दोन्ही रकान्यांचे लॉगरिदम काढून एक्सेलमध्ये उतार काढा. उतार उणे 0.322 आला तर 80 टक्के, उणे 0.234 आला तर 85, उणे 0.152 आला तर 90. टक्केवारी जितकी कमी, तितकं शिकणं वेगवान. नोंदी निदान तीन दुपटींच्या हव्यात. एक हजार ते अकराशे एवढ्याच नगांचा आलेख काढून त्यावर मत देणं म्हणजे भविष्य सांगणं.

गणित शाळेतलं आहे, घोळ नोंदींमध्ये होतो. मटेरिअलची वाट बघण्यात गेलेला वेळ कामाच्या तासांत शिरतो, तो वेगळ्या रकान्यात टाका. रिवर्कचे, म्हणजे बिघडलेला नग दुरुस्त करण्याचे, तास मात्र त्याच नगाच्या नावावर चढले पाहिजेत. ते ‘रिवर्क बे’च्या खात्यात गेले तर लाइन भराभर शिकतेय असं दिसतं. त्याहून मोठी फसगत आउटसोर्सिंगची: एखादं ऑपरेशन व्हेंडरकडे दिलं, की त्याच दिवशी तास घसरतात आणि प्रेझेंटेशनमध्ये त्याला शिकणं म्हटलं जातं. नवी मशीन आली तरी तेच. अशा प्रत्येक बदलाची तारीख आलेखावर उभ्या रेषेनं दाखवा आणि रेषेच्या दोन्ही बाजूंचा उतार वेगळा काढा. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकेची लिबर्टी मालवाहू जहाजं हे या विषयातलं सगळ्यांचं लाडकं उदाहरण. जहाजामागचे दिवस झपाट्यानं उतरले होते. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की त्या घटीचा बराच भाग यार्डांत वाढलेल्या यंत्रसामग्रीचा होता, आणि वेगाच्या नादात दर्जाही घसरला होता.

दुसरं माप मला जास्त आवडतं, कारण ते लपवायला अवघड: बंद केलेली समस्या परत आली का? गेल्या 12 महिन्यांत बंद झालेले 8डी (आठ पायऱ्यांत समस्येचं मूळ शोधून उपाय करण्याचे अहवाल) किंवा करेक्टिव्ह अ‍ॅक्शन घ्या आणि त्यांतल्या किती समस्या त्याच कारणानं, कुठल्याही लाइनवर, पुन्हा उगवल्या ते मोजा. ‘तेच’ म्हणजे कारण तेच, तक्रारीचे शब्द नव्हेत. त्यासाठी 15-20 कारणांची यादी करून प्रत्येकाला कोड द्या. मग दोघांना एकमेकांशी न बोलता त्याच 20 तक्रारींना कोड द्यायला सांगा. 16 पेक्षा कमी ठिकाणी जुळले तर यादीच गुळमुळीत आहे, ती आधी दुरुस्त करा. ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ हा कोड यादीत ठेवूच नका. तो असला की निम्म्या तक्रारी त्यातच जाऊन बसतात आणि उपाय म्हणून ‘पुन्हा ट्रेनिंग दिलं’ असं लिहिलं जातं.

याला जोडूनच हॉरिझॉन्टल डिप्लॉयमेंट, म्हणजे एका जागची सुधारणा बाकीच्या जागी पोचवणं. एका लाइनवर पोका-योके (चूक होऊच न देणारी सोय) बसवला, तर तो लागू पडणाऱ्या शेवटच्या लाइनवर किती दिवसांनी बसला? ईमेल गेल्याची तारीख धरू नका. चाकणच्या प्लांटमधली सुधारणा नाशिकच्या प्लांटमध्ये पोचली का, हे तिथल्या मशीनसमोर उभं राहूनच ठरतं.

नियर-मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, आकड्याशी जरा जपून. संस्था कशा शिकतात याच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी 1996 मध्ये हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चांगल्या टीमच्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त निघाली, कारण तिथे माणसं चूक बोलून दाखवायला घाबरत नव्हती. म्हणून नियर-मिस कमी झाले की लगेच पेढे वाटू नका. ते प्रत्यक्ष अपघातांच्या शेजारी ठेवून वाचा: नियर-मिस घटले आणि अपघात तेवढेच राहिले, तर लोकांनी सांगणं बंद केलंय. आणि यातला कुठलाही आकडा सुपरवायझरच्या इन्सेंटिव्हला बांधू नका. तीन महिन्यांत आकडा सुधारतो, काम तिथंच राहतं.

विसरणं फारसं कुणी मोजत नाही. लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानाचं उत्पादन 1970 च्या दशकाच्या मध्यात मागणीअभावी घटलं. पुढे ते पुन्हा वाढवलं तेव्हा एका विमानामागचे तास आधीपेक्षा जास्त लागले. आपल्याकडे यासाठी एवढी मोठी मंदी लागत नाही. दिवाळीची सुट्टी, कंत्राटी मुलांची बॅच बदलणं, एखादा पार्ट चार महिन्यांनी पुन्हा लाइनवर येणं, एवढं पुरतं. खंडापूर्वीच्या शेवटच्या 20 नगांचे सरासरी तास आणि खंडानंतरच्या पहिल्या 20 चे, यांची भागाकारानं तुलना करा. आधी 40 मिनिटं आणि नंतर 52, म्हणजे 1.3. मग त्याच पार्टची सेटिंग शीट काढून बघा: टॉर्क किती, क्लॅम्प कुठल्या क्रमानं आवळायचे, पहिला पीस कुठे तपासायचा. कागदावर नसलेली जी गोष्ट जुन्या सेटरला (मशीन लावणाऱ्याला) फोन करून विचारावी लागली, ती त्याच दिवशी शीटवर चढवा आणि पुढच्या खंडानंतर तोच भागाकार परत करा.