जेनची टोपी: कानपट्ट्या लागल्या, गोंडा बाकी

'फायरफ्लाय' या अंतराळातल्या अमेरिकी मालिकेतल्या जेनच्या टोपीसारखी टोपी विणणं चालू आहे. मागच्या नोंदीत ती पिवळ्या पट्ट्यापर्यंत आली होती. आता वरचा केशरी भाग संपलाय, टोकाचे टाके आवळून बंद केलेत आणि दोन्ही कानपट्ट्या जागेवर आल्यात. डोक्यावर चढवली की टोपी ओळखू येते, इतपत मजल गेलीय.

मालिका अलीकडेच बघायला घेतलेल्यांसाठी दोन शब्द. जेन कॉब म्हणजे सेरेनिटी या अंतराळजहाजावरचा भाडोत्री गडी. पैसे वाढवून दिले की बाजू बदलणारा. 'एरियल' या भागात जहाजावर आसऱ्याला असलेल्या सायमन आणि रिव्हर या भावंडांना बक्षिसाच्या लोभाने पकडून द्यायला निघालेला हाच तो. ॲडम बाल्डविनने तो असा रंगवलाय की राग येतो आणि हसूही येतं. 'द मेसेज' या भागात त्याला टपालातून आईचं पत्र येतं. तू पाठवलेल्या पैशांचा उपयोग झाला, मॅटीचं आजारपण अजून आहे, आणि प्रवासात ऊब राहावी म्हणून सोबत हे विणून पाठवतेय, असा मजकूर. पुडक्यातून निघते ती ही टोपी. जेन ती तिथल्या तिथे डोक्यावर घालतो आणि खुशीत येतो. पुढे जहाजाचा चालक वॉश म्हणतो की अशी टोपी घालून रस्त्याने चालणारा माणूस कशालाच भीत नसणार, हे लोकांना कळतंच. चेष्टा आहे, पण खोटं काहीच नाही त्यात.

विणताना हा प्रसंग डोक्यात ठेवावाच लागतो, कारण तोच या टोपीचा खरा नमुना. घरी आई आहे, दुसरा मुलगा आजारी आहे, जेनने पाठवलेल्या पैशांचा घराला आधार आहे. अशा घरात जी लोकर असेल तीच वापरली जाणार. टोपी फार सुबक झाली तर ती जेनची राहत नाही. दुकानातली होते.

म्हणून रंग बदलतानाची पायरी मी तशीच ठेवली. गोलाकार विणताना रंग बदलला की ओळ जिथे सुरू होते तिथे एक टाका वर-खाली दिसतो. नव्या रंगाच्या दुसऱ्या ओळीतला पहिला टाका न विणता नुसता सरकवून घेतला की ती पायरी बरीच लपते, हे विणणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. इथे लपवायचं कारण नाही. फक्त ती मागच्या बाजूला यावी एवढं पाहिलं. सूत मात्र सगळीकडे सारखं ताणलंय. ओबडधोबड दिसणं वेगळं आणि सैल वीण वेगळी. आईने विणलेली टोपी उसवत नाही.

आता आकडे, कारण मागच्या नोंदीनंतर बहुतेकांनी तेच विचारले होते. मध्यम जाडीची लोकर, ५ मिमीची गोल सुई, १० सेंमीत १८ टाके. ८८ टाक्यांनी सुरुवात. घेर साधारण ४९ सेंमी भरतो आणि ताणून ५६ सेंमीच्या डोक्यावर घट्ट बसतो. ९२ घेतले तरी बिघडत नाही, पण मग वरची घट, म्हणजे टाके कमी करत जाणं, नीट विभागली जात नाही. ८८ चे ८ भाग पाडले की प्रत्येकी ११ टाके येतात. पहिल्या घटीत ९ सुलट आणि पुढचे २ एकत्र, असं आठ वेळा. त्यावर एक ओळ साधी. मग ८ सुलट आणि २ एकत्र, पुन्हा साधी ओळ. शेवटी ८ टाके उरतात, त्यांतून सूत ओवून आवळायचं. निम्म्यानंतर गोल सुईवर टाके ताणले जातात, तेव्हा दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांवर घ्यायचे. टोकाला गोलाई हवी असेल तर शेवटच्या काही साध्या ओळी गाळता येतात. मी गाळल्या नाहीत. त्यामुळे टोक किंचित उभं राहतं आणि गोंड्याला बसायला जागा मिळते.

कानपट्ट्यांमध्ये खरा वेळ गेला. सुरुवातीच्या कडेवरून प्रत्येक पट्टीसाठी २० टाके उचलले. कपाळावर ३० मोकळे, मानेवर १८. पुढची मोकळी जागा मागच्यापेक्षा बरीच मोठी हवी, नाहीतर पट्ट्या कानांऐवजी गालांवर लोंबतात. टाके उचलताना कडेच्या दोन्ही धाग्यांखालून सुई घालायची. एकाच धाग्यातून उचलले तर पट्टीच्या वजनाने तिथे रांगेने भोकं पडतात आणि ती चांगली लांबून दिसतात. पट्टी दोन्ही बाजूंनी सुलटच विणली. एका बाजूने सुलट, एका बाजूने उलट अशी वीण घेतली की कडा आत वळतात, आणि वळलेली कानपट्टी वाऱ्यात कुचकामी. दर दुसऱ्या ओळीत दोन्ही टोकांना एकेक टाका कमी करत ४ टाक्यांवर बंद केली. हनुवटीखाली बांधायला दोरी लावलेली नाही. लोंबणाऱ्या पट्ट्या हीच या टोपीची ऐट आहे.

रंगांवरून वाद कधी मिटणार नाही. वर तांबूस केशरी, खाली पिवळा, कानपट्ट्या पुन्हा केशरीच पण वेगळ्या छटेच्या, इथवर एकमत होतं. पुढे प्रत्येकाच्या पडद्यावर प्रत्येकाचा केशरी. चित्र थांबवून त्यावरून लोकर निवडणं फसवं आहे, कारण उजेड बदलला की तोच पिवळा मोहरीसारखा दिसायला लागतो. मी दिवसाउजेडी तिन्ही लोकरी शेजारी ठेवून एकच पाहिलं: एकमेकींना शोभतात का. शोभल्या असत्या तर एखादी बदलली असती.

या टोपीबद्दल मला सगळ्यात जास्त गंमत वाटते ती निराळीच. फॉक्स या अमेरिकी वाहिनीने मालिका २० सप्टेंबर २००२ ला सुरू केली. दोन तासांचा सुरुवातीचा भाग बाजूला ठेवून 'द ट्रेन जॉब' आधी दाखवला, आणि ज्यात सगळ्या पात्रांची ओळख होते तो भाग २० डिसेंबरला, अगदी शेवटी. चौदा भाग बनले, दाखवले अकरा. 'द मेसेज' उरलेल्या तिनांत. म्हणजे मालिका चालू होती तेव्हा अमेरिकेतल्या प्रेक्षकांना ही टोपी दिसलीच नाही. मालिका बंद होतेय ही बातमी या भागाचं चित्रीकरण चालू असतानाच पोहोचली होती, आणि शेवटच्या अंत्यविधीच्या प्रसंगाचं संगीत मालिकेचे संगीतकार ग्रेग एडमनसन यांनी मालिकेचा निरोप म्हणून रचलं. ते माहीत असलं की तो प्रसंग कोरड्या डोळ्यांनी बघवत नाही.

टोपी लोकांपर्यंत गेली ती डिसेंबर २००३ च्या डीव्हीडीमधून. त्यानंतर ती थांबलीच नाही. मालिकेतल्या युद्धात हरलेल्या बाजूचं नाव अभिमानाने लावणाऱ्या ब्राउनकोट्स या चाहत्या मंडळींना खूण म्हणून तपकिरी कोट होताच, पण कोट शिवणं खर्चाचं आणि कटकटीचं. टोपी कुणालाही जमते. २००७ मध्ये अंतराळवीर स्टीव्ह स्वॉन्सन यांनी मालिकेच्या आणि त्याच कथेवरच्या 'सेरेनिटी' चित्रपटाच्या डीव्हीडी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेल्या. मालिकेच्या त्या संचात 'द मेसेज' आहेच. फॉक्सने न दाखवलेली टोपी पृथ्वीच्या कक्षेत जाऊन पोहोचली!

२०१३ चा प्रकार जुन्या मंडळींना आठवत असेल. फॉक्सने अधिकृत टोपीचा परवाना दिला आणि एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारात हाताने विणलेल्या टोप्या विकणाऱ्यांना नोटिसा जाऊ लागल्या. जी खूण चाहत्यांनीच सुयांवर जिवंत ठेवली तिच्यासाठी चाहत्यांनाच दटावणं अनेकांना झोंबलं. कायदा फॉक्सच्या बाजूने असेल, पण मला ते आजही पटत नाही. गदारोळानंतर अधिकृत टोपी विकणाऱ्या थिंकगीक या ऑनलाइन दुकानाने तिचा नफा 'कान्ट स्टॉप द सेरेनिटी'ला द्यायचं ठरवलं. २००६ पासून चाहते हे नाव घेऊन ठिकठिकाणी चित्रपटाचे खेळ लावतात आणि 'इक्वॅलिटी नाऊ' या स्त्री-हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी पैसे गोळा करतात. माझी टोपी विकायची नाही, घालायची आहे.

आता गोंडा. पुठ्ठ्याच्या ७ सेंमी व्यासाच्या दोन चकत्या कापून ठेवल्यात, मधे भोक पाडून. तिन्ही रंग एकत्र धरून गुंडाळले तर गोंडा ठिपक्याठिपक्यांचा होतो, एकावर एक थर दिले तर रंगांचे पट्टे पडतात. मी एकत्र धरणार आहे. मधली गाठ लोकरीने न बांधता जाड सुती दोऱ्याने बांधायची, कारण आवळताना लोकर तुटते. कात्री फिरवून गोंडा गुळगुळीत करायचा मोह होईल, तो आवरायचा. एक प्रश्न राहतोच: गोंडा नुसता टाचला तर धुताना निघेल का? ज्यांनी आतून बटण लावून बांधलाय त्यांनी सांगा, टोपीचं टोक त्याने खाली बसतं की नाही.