एकटीचा चहा

परवा भर दुपारी एका उडप्याकडे शिरले. वेटरने आधी माझ्या मागे पाहिलं, मग दाराकडे, आणि विचारलं, "किती जण?" एकटीच, म्हटलं. तरी त्याने पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले. असू दे, तहान होतीच.

आमच्या मिरजेत हा प्रश्नच यायचा नाही, कारण बाईमाणसाने हॉटेलात एकटं जायचंच नसे. जायचं ते घरच्यांबरोबर, आणि बसायचं 'फॅमिली रूम'मध्ये. म्हणायला रूम, प्रत्यक्षात प्लायवूडचा खोका आणि पुढे हातपुसणं झालेला हिरवा पडदा. अण्णांना बाहेर कुणी ओळखीचं भेटलं की ते तिथेच बैठक मारायचे. आम्ही मायलेकी आत, मिसळीच्या तर्रीने नाकं पुसत. जग दिसायचं ते पडद्याखालून वीतभर: वहाणा, धोतराचे सोगे, पोऱ्याचे अनवाणी पाय. वहाणांवरून माणूस ओळखायचा नाद मला तिथे लागला. अजून सुटलेला नाही. समोरच्याचा चेहरा मी नंतर बघते.

नव्वदच्या दशकात नोकरीला मुंबईत आले, फोर्टात. शनिवारी अर्धा दिवस. दादरला ज्या बाईंकडे राहायचे, त्यांच्याकडे लवकर परतलं तर भाजी निवडायला बसवत. म्हणून मी काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत जायचे. तिथे तिकीट नव्हतं आणि पंखे चांगले होते, कलेची ओढ वगैरे पुढची गोष्ट. आणि गॅलरीतच समोवार नावाचं कॅफे होतं. रेल्वेच्या डब्यासारखं लांबट, अरुंद, एका अंगाला म्युझियमची हिरवळ. १९६४ साली उषा खन्नांनी सुरू केलेलं. पुदिन्याचा चहा, पराठे, पेरूचा रस. आणि पडदा कुठेच नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा बसायला भिंतीकडची खुर्ची शोधली. पर्स मांडीवर घट्ट. आता कुणीतरी येऊन विचारणार, कुणाची वाट बघताय? कुणी विचारलं नाही. चहा संपला, तरी कुणी उठवलं नाही. वहाणा मात्र पाहून घेतल्या. झिजलेल्या कोल्हापुऱ्या म्हणजे कवी किंवा चित्रकार, नव्या कोल्हापुऱ्या म्हणजे जाहिरातवाले, चकचकीत बूट म्हणजे चित्र विकत घेणारा. चित्रकार हुसेन यायचे म्हणत, तेही अनवाणी. ते आले असते तर माझ्या शास्त्राची पंचाईत झाली असती. पण मला कधी दिसले नाहीत.

मग ओळखी झाल्या. झोळीवाले, दाढीवाले, प्रायोगिक नाटकवाले. दादरच्या छबिलदास शाळेत अशी नाटकं व्हायची, ते दिवस तोवर सरले होते. आमच्या वाट्याला आले ते त्या दिवसांच्या आठवणी सांगणारे. रात्री कुणाच्या तरी खोलीवर जमायचं आणि विवाहसंस्था मोडीत काढायची. ती मोडत असताना खिचडी टाकायला मुलींनीच उठायचं, कपही आम्हीच विसळायचे. एकदा मी उठलेच नाही. क्रांतिकारक बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिले आणि शेवटी खाली वडापाव आणायला गेले. बंडखोरी म्हणून माझ्या नावावर एवढीच जमा आहे. सिगारेट ओढून पाहिली, नुसता खोकला आला.

आई एकदा मुंबईला आली तेव्हा तिला समोवारला घेऊन गेले. दारातच थबकली. "अगं, आत बसायची सोय नाही का?" हेच आत, म्हटलं. पदर सावरून बसली. चहाची किंमत वाचून "एवढ्यात घरी दहा जणांचा होईल" म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तू जा, चित्रं बघून ये. मी बसते."

परत आले तर समोर दुसरा चहा आलेला, पाय चपलेतून काढून मांडी घातलेली. मला बघून कपाळाला आठी. "एवढ्यात झालं बघून?"

मी पुन्हा चित्रं बघायला गेले. तीच.

२०१५ मध्ये समोवार बंद झालं. आईला नेलं त्या दिवशीचं बिल तिनेच कनवटीच्या पैशातून दिलं होतं आणि पायऱ्या उतरताना सांगितलं होतं, अण्णांना काही बोलू नकोस. अण्णा गेले, मी बोलले नाही.